पहिली गो-टू दुर्बीण घेताना: गच्चीच्या जिन्यापासून वेल्ह्याच्या माळापर्यंत

दिवाळीचा बोनस हातात पडला की ओळखीच्यांचे फोन सुरू होतात. “ताई, मुलीला ताऱ्यांचं वेड लागलंय. स्वतःहून तारे शोधणारी, ती गो-टू दुर्बीण घ्यायची आहे, कुठली घेऊ?” मी उलट विचारते, “तुमच्या बिल्डिंगची लिफ्ट गच्चीपर्यंत जाते का?”

हा प्रश्न मी स्वतःला वेळेवर विचारला नव्हता. धायरीतल्या आमच्या इमारतीची लिफ्ट शेवटच्या मजल्यावर थांबते. तिथून पुढे अरुंद जिना आणि वर लोखंडी दार. मी पहिलीच दुर्बीण आठ इंची, म्हणजे आठ इंच व्यासाच्या आरशाची घेतली. ट्रायपॉडसकट वजन पंधरा किलोच्या घरात, शिवाय बॅटरी, आयपीसची (डोळा लावायच्या भिंगांची) पेटी, स्टूल. पहिल्या हिवाळ्यात ती सहा वेळा वर गेली, दुसऱ्या हिवाळ्यात दोनदा. दुर्बीण उत्तम होती, फक्त माझ्या घराला जुळणारी नव्हती. म्हणून या लेखाची सुरुवात कॅटलॉगपासून न करता तुमच्या घरापासून करते.

आधी घर आणि आकाश मोजा

एका संध्याकाळी रिकाम्या हातांनी गच्चीवर जा. सोसायटी रात्री गच्ची उघडी ठेवते का, किल्ली कोणाकडे असते, प्लग पॉइंट आहे का, हॅलोजन कुठल्या कोपऱ्यात आहे, हे बघा. मग उत्तरेकडे तोंड करा. पुणे सुमारे 18.5 अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे ध्रुवतारा क्षितिजापासून तेवढ्याच उंचीवर असतो. हात लांब करून धरलेली मूठ साधारण 10 अंशांची. म्हणजे क्षितिजावर एकावर एक दोन मुठी रचल्या की त्यांच्या जरा खाली ध्रुवतारा. आपल्याकडे तो बहुतेक वेळा शेजारच्या बिल्डिंगच्या किंवा पाण्याच्या टाकीच्या मागे असतो. तुमच्या गच्चीवरून तो दिसतो की नाही हे वहीत लिहून ठेवा, माउंट (नळी पेलून फिरवणारा भाग) निवडताना लागेल.

दुसरी नोंद स्लॅबची. दिवसभर तापलेला काँक्रीटचा स्लॅब रात्री उष्णता सोडत राहतो. त्यावरची हवा हलते आणि गुरू पाण्याखाली ठेवल्यासारखा थरथरतो. दुर्बीण खराब आहे असं वाटून लोक दुकानदाराशी भांडतात, पण तीच दुर्बीण अकरानंतर किंवा सोसायटीच्या हिरवळीवर लावली तर गुरूचे पट्टे स्वच्छ दिसतात.

तिसरी नोंद, अंधारात तुम्ही खरंच किती वेळा जाणार? पुण्याच्या नैऋत्येला पानशेत, वेल्हे आणि त्यापलीकडचा भाग अजून बऱ्यापैकी काळोखा आहे. तिथून शहराचा उजेड ईशान्येला दिसतो, दक्षिण आणि पश्चिम मोकळी मिळते. महिन्यातून एकदा अमावस्येच्या आसपास जाणार असाल तर दुर्बीण गाडीच्या डिकीत मावायला हवी. दुचाकीवर जाणार असाल तर पाठीवरच्या सॅकमध्ये.

डोळ्याने बघायचं की फोटो काढायचे?

हा निर्णय पैसे देण्याआधी घ्यायचा. “दोन्ही” हे उत्तर मला रोज मिळतं आणि त्यातच सगळ्यांचे पैसे वाया जातात. डोळ्याला मोठा व्यास लागतो, कारण डोळा प्रकाश साठवून ठेवत नाही. कॅमेरा प्रकाश साठवतो, त्यामुळे त्याला लहान नळी चालते, पण ती पेलणारं माउंट काटेकोर चालावं लागतं. एकीकडे पैसे आरशात जातात, दुसरीकडे मोटर आणि गिअरमध्ये.

अपेक्षाही सरळ ठेवा. पुण्याच्या मध्यवस्तीतून चंद्र, शनीची कडी, गुरूचे चार चंद्र, शुक्राच्या कला, जोडतारे, कृत्तिका आणि मृगातल्या तेजोमेघाचा करडा पिसारा डोळ्याने छान दिसतात. देवयानी दीर्घिका म्हणजे एक धूसर ठिपका. इंटरनेटवरचे लाल-निळे रंग डोळ्याला कुठल्याच घरगुती दुर्बिणीतून तसे दिसत नाहीत. मुलांना हे आधीच सांगा.

घेण्यापूर्वी चार दुर्बिणींतून बघून घ्या. टिळक स्मारक मंदिरातली ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून पुणेकरांना आकाश दाखवते आहे. आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थेमध्ये 28 फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाला सामान्य लोकांसाठी दारं उघडण्याची प्रथा आहे. एखाद्या आकाशदर्शनाच्या रात्री रांगेत उभं राहून सहा इंची आणि आठ इंचीतून एकच शनी पाहा. दहा व्हिडिओंतून कळत नाही ते त्या दोन मिनिटांत कळतं.

संगणक काय करतो

गो-टू माउंटमध्ये दोन मोटर असतात आणि एक हँडसेट किंवा फोनचं ॲप. तुम्ही जागा, तारीख, वेळ सांगता, दोन-तीन तारे ओळखून मध्यभागी आणून देता, आणि मग ते हिशेब करून हव्या त्या वस्तूकडे वळतं. त्याहून मोठा फायदा म्हणजे ट्रॅकिंग. पृथ्वी फिरत असते, त्यामुळे शंभरपट मोठा केलेला शनी मिनिटभरात मध्यापासून दृष्टिक्षेत्राबाहेर सरकतो. मोटर त्याला धरून ठेवते. घरातले सहाजण रांगेत असतील तर हे फार मोलाचं आहे.

डबीवर 40,000 वस्तूंची यादी असल्याचं लिहिलेलं असतं. यादी खरी आहे, पण त्यातल्या बहुतेक वस्तू पुण्याच्या उजेडात डोळ्याला दिसणारच नाहीत. संगणक वाट दाखवतो, प्रकाश आरसाच गोळा करतो.

इथे एक गफलत नेहमी होते. सेलेस्ट्रॉनच्या स्टारसेन्स एक्सप्लोरर दुर्बिणी फोनच्या कॅमेऱ्याने आकाश ओळखतात आणि “डावीकडे वळवा, वर करा” असं सांगतात. वळवायचं आपण हाताने. शिकण्यासाठी ती पद्धत मला आवडते, पण त्यात मोटर नाही आणि ट्रॅकिंगही नाही.

नळी: दोन आकडे वाचायला शिका

पहिला आकडा व्यास. 130 मिलिमीटरची दुर्बीण 70 मिलिमीटरच्या तुलनेत जवळपास साडेतीन पट प्रकाश गोळा करते. दुसरा आकडा फोकल लेंग्थ, म्हणजे आरशापासून किंवा भिंगापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं अंतर. ती आयपीसच्या आकड्याने भागली की किती पट मोठं दिसेल ते कळतं. 650 मिलिमीटरच्या नळीला 25 चा आयपीस लावला तर 26 पट, 9 चा लावला तर 72 पट. व्यासाच्या मिलिमीटरच्या दुपटीपर्यंत मोठं करण्यात अर्थ असतो, तोही हवा शांत असेल तर. 60 मिलिमीटरच्या खोक्यावर “525 पट” लिहिलं असेल तर ती दुर्बीण दुकानातच राहू द्या.

न्यूटोनियन म्हणजे आरशाची, पैशाच्या मानाने सर्वांत मोठा व्यास देणारी नळी. तिचे आरसे अधूनमधून जुळवावे लागतात. त्याला कॉलिमेशन म्हणतात आणि ते एका रविवारी शिकता येतं. मॅक्सुटोव आणि श्मिट-कॅसेग्रेन या आखूड, आटोपशीर नळ्या. चंद्र आणि ग्रहांसाठी सुरेख, पण फोकल लेंग्थ लांब असल्याने आकाशाचा तुकडा लहान दिसतो, आणि पुढच्या काचेवर हिवाळ्यात दव बसतं. लहान रिफ्रॅक्टर, म्हणजे भिंगाची दुर्बीण, फोटोसाठी सगळ्यात सोपी.

माउंट: इथे घाई करू नका

गो-टू माउंट दोन प्रकारचं. ऑल्ट-अझिमथ माउंट वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरतं. ते मांडायला सोपं आणि डोळ्याने बघायला पुरेसं. इक्वेटोरियल माउंटचा एक अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे रोखलेला असतो आणि ते ताऱ्यांबरोबर एकाच अक्षावर फिरतं.

फोटोच्या दृष्टीने फरक हा की ऑल्ट-अझिमथवर वस्तू मध्यभागी राहते पण चित्र हळूहळू स्वतःभोवती फिरतं. त्याला फील्ड रोटेशन म्हणतात. परदेशी लेखांत “तीस सेकंद सहज चालतात” असं वाचून आपले लोक निराश होतात, कारण हे फिरणं अक्षांशावर अवलंबून असतं. लंडनपेक्षा पुण्यात, आकाशाच्या तशाच जागी, ते दीडपट असतं. पण दिशा नीट निवडली तर आपल्याला पळवाटही मिळते. थेट पूर्वेला आणि थेट पश्चिमेला हे फिरणं शून्याजवळ जातं, उत्तर-दक्षिण रेषेवर आणि डोक्यावर ते सर्वांत जास्त. मृगाचा तेजोमेघ पूर्वेकडून चढताना 45 अंशांवर असतो तेव्हा चित्र तासाला साधारण 10 अंश फिरतं. तोच दक्षिणेला 66 अंशांवर, आपल्या सर्वोच्च जागी पोचला की तासाला सुमारे 35 अंश. म्हणून मृगाचे फोटो तो चढत असतानाच काढा, एक्सपोजर 10 सेकंदांचं ठेवा, आणि माथ्यावर आला की कॅमेरा काढून डोळा लावा.

कृत्तिका पुण्यातून जवळजवळ डोक्यावरून जातात. ऑल्ट-अझिमथ माउंट तिथे धडपडतं, आणि मागे कॅमेरा लावलेला असेल तर तो बुडाशी आदळू शकतो. त्यांनाही आधी किंवा नंतर गाठा.

इक्वेटोरियल घेणार असाल तर गच्चीवरची ती नोंद काढा. ध्रुवतारा दिसत नसेल तर नेहमीच्या पद्धतीने अक्ष जुळवता येत नाही. लॅपटॉपवरच्या निना या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आकाशाच्या कुठल्याही भागाचे तीन फोटो काढून अक्ष जुळवण्याची सोय आहे, पण ती दुसरी पायरी झाली, पहिल्या महिन्यातली नव्हे. आणखी एक गोष्ट दुकानात उभं राहूनच तपासा. माउंट 18 अंशांपर्यंत खाली झुकतं का? काही माउंट आणि वेज (माउंट तिरकं करणारी पाचर) थंड प्रदेशातल्या अक्षांशांसाठी बनवलेले असतात. इतकं खाली आणलं की काउंटरवेटचा (तोल सांभाळणाऱ्या वजनाचा) दांडा ट्रायपॉडच्या पायाला अडतो. दुकानदाराला झुकवून दाखवायला सांगा.

वजनाचा हिशेब असा: माउंट जेवढं पेलतं असं कंपनी सांगते, फोटोसाठी त्याच्या निम्मंच वजन ठेवा.

मग घ्यायची कुठली

लिफ्ट नाही, मुलं लहान आहेत, बघायचंच आहे, अशा घराला मी 130 ते 150 मिलिमीटरची गो-टू न्यूटोनियन सुचवते. सेलेस्ट्रॉनची नेक्सस्टार 130 एसएलटी हलकी आहे, फक्त तिचा ट्रायपॉड थोडा डुगडुगतो. पाय पूर्ण लांब न करता बसून बघितलं तर बरंच निभावतं. स्कायवॉचरची व्हर्चुओसो जीटीआय 150पी ही टेबलावर ठेवायची दुर्बीण माझी जास्त आवडती: 150 मिलिमीटर व्यास, 750 फोकल लेंग्थ, फोनवरून चालते, नळी आत सरकवून लहान होते. तिच्यासाठी भक्कम लाकडी स्टूल मात्र हवं, प्लास्टिकच्या खुर्चीवर ती ठेवू नका.

ग्रह आणि चंद्र हेच वेड असेल, लिफ्ट वरपर्यंत जात असेल, तर नेक्सस्टार 6 एसई. 1500 मिलिमीटर फोकल लेंग्थ, मजबूत एकखांबी माउंट, कॉलिमेशनचा त्रास कमी. आठ इंची त्याहून पावणेदोन पटीपेक्षा जास्त प्रकाश देते, पण जिन्याचं गणित पुन्हा एकदा करा.

फोटोच हवे असतील आणि वेळ कमी असेल तर स्मार्ट दुर्बीण. सीस्टार एस50 चा व्यास फक्त 50 मिलिमीटर, वजन अडीच किलो. बॅटरी, कॅमेरा, फिल्टर, दव घालवणारा हीटर सगळं आतच. ती आकाश ओळखते, लहान लहान फोटो एकावर एक रचते आणि फोनवर तेजोमेघ उमटत जातो. शहरातल्या उजेडात, बाल्कनीतून, कामाच्या दिवशी इतकं देणारं दुसरं यंत्र मला माहीत नाही. पण तिला आयपीस नाही. आजोबांना शनी “प्रत्यक्ष” दाखवायचा असेल तर ती उपयोगाची नाही, आणि तिच्यात ग्रह बारीक ठिपक्याएवढेच दिसतात. देवयानी दीर्घिका आकाशात सुमारे तीन अंश पसरलेली आहे. एस50 चं क्षेत्र सव्वा अंशाच्या आसपास, म्हणजे तिच्यासाठी तुकडे जोडावे लागतात.

डीएसएलआर घरात आहे आणि ही कला मुळापासून शिकायची आहे, अशा माणसाने दुर्बीणच घेऊ नये, आधी स्टार ॲडव्हेंचरर जीटीआयसारखं छोटं इक्वेटोरियल माउंट घ्यावं आणि असलेली लेन्स लावावी. ते पाच किलो पेलतं, म्हणजे वरच्या नियमाने अडीच किलोचा कॅमेरा-लेन्स. वेल्ह्याच्या माळावर 135 मिलिमीटर लेन्समधून आलेला धनु राशीचा फोटो पाहिला की नळीची घाई राहत नाही.

बघण्यासाठी बनवलेल्या लहान न्यूटोनियनला डीएसएलआर लावला तर पुष्कळदा फोकसच येत नाही, कारण कॅमेऱ्याचा सेन्सर जितका आत जायला हवा तितका फोकसर (फोकस जुळवायला आत-बाहेर सरकणारा भाग) सरकत नाही. “कॅमेरा लागतो” असं दुकानदार म्हणतो तेव्हा “फोकस येतो का” हे विचारा.

पैसे देताना

सगळं बजेट दुर्बिणीवर संपवू नका, पाचवा हिस्सा बाजूला ठेवा. त्यात 12 व्होल्टची चांगली बॅटरी, एक मधला आयपीस, दवापासून वाचवणारा हूड आणि लाल टॉर्च. नेक्सस्टारमध्ये आठ पेन्सिल सेल बसतात, पण ते एका रात्रीतच दम टाकतात, आणि व्होल्टेज उतरलं की माउंट भलतीकडे वळायला लागतं. अडॅप्टरच्या पिनचं टोक पॉझिटिव्ह असायला हवं. माझ्या एका माउंटचं सर्किट उलट्या पिनच्या अडॅप्टरने जळलं. विक्रेत्याने तो “सगळ्यांना चालतो” म्हणून दिला होता. तेव्हापासून मी मल्टिमीटर लावून बघितल्याशिवाय काहीही जोडत नाही.

बिलावर सीरियल नंबर आणि वॉरंटी भारतात कोण देणार हे लिहून घ्या. सेकंडहँड घेत असाल तर टॉर्च तिरका धरून काचेत बघा. जाळीसारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे. दोन्ही मोटर दोन्ही दिशांना पूर्ण वेगाने फिरवून आवाज ऐका.

सूर्य बघायचा असेल तर नळीच्या पुढच्या तोंडावर पूर्ण बसणारा सोलर फिल्टरच हवा. आयपीसला लावायचा काळा काचेचा तुकडा उष्णतेने तडकू शकतो, तो फेकून द्या. फाइंडरवरही (नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीवर) झाकण ठेवा. क्षणभराच्या चुकीने डोळा कायमचा जातो.

पहिली रात्र

दिवसाउजेडी, सूर्यापासून दूर, लांबच्या एखाद्या टॉवरवर फाइंडर जुळवून ठेवा. नळी अर्धा-पाऊण तास आधी बाहेर काढा, म्हणजे ती हवेच्या तापमानाला येईल. ट्रायपॉड पाणसळीने सपाट करा.

हँडसेटमध्ये पुणे असं भरा: रेखांश 73 अंश 51 मिनिटं पूर्व, अक्षांश 18 अंश 31 मिनिटं उत्तर, टाइम झोन अधिक 5:30, डेलाइट सेव्हिंग बंद. तारीख अमेरिकन पद्धतीने, आधी महिना. 5 जानेवारीला 05/01 भरलंत तर दुर्बीण 1 मे समजून जमिनीकडे बघायला लागते. मला विचारल्या जाणाऱ्या “बिघाडां”पैकी अर्धे इथेच सुटतात.

मग अलाइनमेंट. हँडसेटवर ताऱ्यांची नावं परकी असतात, पण तारे आपले ओळखीचे आहेत. सिरियस म्हणजे व्याध, कॅपेला म्हणजे ब्रह्महृदय, अल्डेबरान रोहिणी, बीटलज्यूज काक्षी, रायजेल राजन्य, कॅनोपस अगस्ती, रेग्युलस मघा, स्पायका चित्रा, आर्क्ट्युरस स्वाती, अँटारेस ज्येष्ठा, व्हेगा अभिजित, अल्टेअर श्रवण. ही यादी पुठ्ठ्यावर लिहून ट्रायपॉडला बांधा. दोन तारे एकमेकांपासून लांब निवडा, अगदी डोक्यावरचे किंवा क्षितिजालगतचे नकोत. जानेवारीत रात्री नऊच्या सुमारास उत्तरेकडचं ब्रह्महृदय आणि आग्नेयेचा व्याध ही जोडी छान जुळते. तारा मध्यभागी आणताना सेलेस्ट्रॉनच्या हँडसेटवर शेवटची हालचाल वर आणि उजवीकडच्याच बटणांनी करा, म्हणजे गिअरमधली ढील एका बाजूला बसते.

पहिल्या रात्री तीनच गोष्टी बघा आणि कमी मोठं करणाऱ्या आयपीसनेच सुरुवात करा.

पहिला फोटो

फोनला होल्डर लावून चंद्रापासून सुरू करा. गुरू-शनीचा फोटो एका क्लिकने येत नाही, त्यांचा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ घ्यायचा. गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो, म्हणून त्याहून लांब व्हिडिओत तपशील पुसट होतात. ऑटोस्टॅकर्टसारखं मोफत सॉफ्टवेअर त्यातल्या स्थिर फ्रेम निवडून एकत्र करतं.

तेजोमेघांसाठी 10 सेकंदांच्या 360 फ्रेम म्हणजे तासाभराचा प्रकाश. त्या सिरिल या मोफत प्रोग्रॅममध्ये रचा. शहरातून ड्युअल-बँड फिल्टरचा (प्रकाशाचे दोनच अरुंद पट्टे आत सोडणाऱ्या काचेचा) फायदा मृग किंवा धनूतल्या लगून तेजोमेघासारख्या चमकत्या वायूंना होतो. दीर्घिकांचा प्रकाश सगळ्या रंगांत पसरलेला असतो, त्यांना या फिल्टरचा उपयोग होत नाही. त्यांच्यासाठी गाडी काढून घाटापलीकडे जावं लागतं.

तसं जायचं असेल तर एप्रिल-मे सोडू नका. नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ पुण्यातून दक्षिणेला 24 अंशांपर्यंत वर येतो. एप्रिलच्या मध्याला मध्यरात्रीच्या सुमारास, मेच्या मध्याला साडेदहाला. युरोपातल्या बहुतेक निरीक्षकांच्या क्षितिजावर तो येतच नाही. रानात जाताना गावातल्या कोणाच्या तरी शेतात, त्यांची परवानगी घेऊन मांडा. वनखात्याच्या हद्दीत रात्री थांबायचं तर आधी विचारा.

पावसाळ्याआधी

जून ते सप्टेंबर आकाश मिळत नाही आणि बुरशी मात्र भरपूर मिळते. मेच्या शेवटी, कोरड्या दुपारी, नळी झाकणं काढून सावलीत तासभर उघडी ठेवा, मग हवाबंद डब्यात सिलिका जेलसकट बंद करा. कापडी बॅगेत ठेवू नका. निळी सिलिका जेल गुलाबी झाली की कढईत मंद आचेवर परतून पुन्हा निळी करता येते, पण ती कढई स्वयंपाकाला वापरू नका. माउंटमधले सेल काढून टाका, ते गळून संपर्काच्या पट्ट्या गंजवतात. लिथियम बॅटरी अर्धी चार्ज करून ठेवा आणि गणपतीत एकदा तपासा.